गोठ्याचं दार

अमरावती,
मंगळवार

प्रिय दामिनी,

पत्र पाहून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा होता तसाच आहे आणि तुझा भाऊ कुलदीप अजूनही गाडी मागे घेताना गेटला घासतो. बातमी वेगळी आहे. आपल्या घरात दार बसलं. तू म्हणशील, बाबा, दारासाठी कोणी पत्र लिहितं का? तुझा बाप लिहितो. गेल्या तीन-चार दिवसांत मी ते इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की आई वैतागून म्हणाली, "आता पुरे करा. लेकराले खेळनं भेटल्यावानी करून राहिले. झिजून जाईन ते."

साधं दार नाही हे. याला चौकट नाही, बिजागऱ्या नाहीत. वर भिंतीला लोखंडी पट्टी, पट्टीवर दोन बीडाची चाकं आणि त्या चाकांना लटकलेली पाच फूट रुंद सागवानी झडप. एका बोटानं ढकललं की भिंतीला लागून गुमान बाजूला जातं. आवाज कसा येतो सांगू? धड गडगड नाही, धड सरसर नाही. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तेवढाच. त्या आवाजासाठी मी चाकातलं ग्रीस तीनदा बदललं. कुलदीप म्हणाला, बाबा, दार आहे की सतार? मी म्हटलं, तू फक्त शिडी धर.

दिवाळीनंतर तुझा फोन आला होता. थंडी पडली का, वरुडची संत्री आली का, असं चाललं होतं आणि मधेच तू विचारलंस, "बाबा, समोरच्या स्टोअरमध्ये अजून तुमचंच सामान असतं का?" मी म्हटलं, असतं की, रोलर, पट्टे, बेअरिंगची खोकी, सगळा वर्कशॉपचा पसारा. तू म्हणालीस, "नाही, सहज विचारलं." बेटा, माझं सगळं आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या मशीनला कान लावण्यात गेलं. शिक्षण नव्हतं, ओळख नव्हती, कान होते. मशीन चालू असताना लांबून सांगायचो, तिसऱ्या रोलरचं बेअरिंग जातंय, आठवडाभरात जाम होईल. मालक हसायचे, मग आठवड्यानं बोलवायला माणूस पाठवायचे. त्या कानांना 'सहज' कसं असतं ते कळतं. तू विचारलंस तेव्हा तुझ्या मागे कढईत चालू असलेला सराटा थांबला होता. तू 'सहज' म्हणालीस, आणि तो पुन्हा चालू झाला.

फोन ठेवला आणि आईला म्हटलं, स्टोअर रिकामं करायचं. वरची तुझी खोली आता कुलदीपच्या पोरांची झाली आहे, तिथल्या भिंतींवर सध्या वाघ आणि पाढे आहेत. पण हे स्टोअर चांगलं आहे. पोर्चला लागून, रस्त्याकडे स्वतःचं शटर, उजेड भरपूर. फक्त घरातून तिथे जायला वाट नव्हती, बाहेरून फिरून जावं लागायचं. हॉलची भिंत फोडली की झालं. भिंत फोडली, आणि मग लक्षात आलं की तिथेच जिन्याची पहिली पायरी येते. बिजागरीचं दार लावलं तर ते अर्धं उघडून पायरीला धडकणार. मी आणि कुलदीप दोघं त्या भगदाडासमोर कमरेवर हात ठेवून उभे. तेवढ्यात तुझी वहिनी पौर्णिमा मोबाईल घेऊन आली. "बाबा, असं लावा ना. याले बार्न डोअर म्हनते." पाहिलं तर सरकतं दार. तिकडे अमेरिकेतल्या लोकांच्या गोठ्याचं, धान्याच्या कोठाराचं. आता तिकडे पैसेवाले लोक ते हौसेनं बैठकीत लावतात म्हणे.

मला असं हसू आलं म्हणून सांगू. अगं, हे तर आपल्या जिनातल्या रुईच्या गोडाऊनचं दार. जन्मभर ढकलत आलो की मी. आई मात्र ऐकेना. "गोठ्याचं दार अन् घरात? उद्या आमाले गव्हानीत जेवाले बसवसान तुमी. लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोक म्हणतील खुशालराव अमेरिकेला जाऊन आले. ती म्हणाली, "बडनेऱ्याच्या पुढं गेल्यावर ज्याले घरचं पानी लागते, तो चालला अमेरिकेले."

तयार सामान अमरावतीत मिळतं. दुकानात जाऊन चाक वाजवून पाहिलं, बिस्किटाच्या डब्यासारखं बोललं. तसंच ठेवून आलो. अकोल्याचं ते जुनं जिन पाडायला काढलंय, हे मला देवीदासनं सांगितलं होतं. तो माझ्याबरोबर तिथेच फिटरच्या हाताखाली लागला होता, आता पाडकामाचे ठेके घेतो. गेलो. गोडाऊनचं छप्पर निघालेलं, पण दारं अजून आपल्या पट्टीवर लटकलेली. मी एकाला हात लावला आणि ते सरकलं. वर आभाळ, खाली मातीचे ढीग, आणि दार आपलं काम करून राहिलं. देवीदास म्हणाला, "घेऊन जाय सगळं, खुशाल. नाहीतरी भट्टीतच जाते." मी दोन चाकं आणि लागेल तेवढी पट्टी घेतली. बाकीच्या पट्ट्या त्याच्याकडे ठेवून आलो, त्या पुढे कामाला येतीलच.

त्याच दिवशी तुझ्याकडे जठारपेठेत आलो होतो. तुला वाटलं असेल बाबा सहज आले. मीही 'सहज' म्हणायला शिकलो आहे. विहीणबाईंनी आग्रहानं पोहे दिले, वरून शेव, पुन्हा पोहे. मान-पानात खोट काढायला जागा नाही त्या घरात. पण मी तुला विचारलं, क्लिनिक कसं चाललंय, तर उत्तर त्यांनी दिलं. "सोडलं तिनं. घरात काय कमी हाय?" मी विचारलं, तब्येत बरी आहे ना गं, तर त्याही म्हणाल्या, "बरी हाय, थोडी बारीक झाली, आजकालच्या पोरी खातच नाही." मी तुला विचारलं, चहात साखर किती घेतेस आता? तेही त्यांनीच सांगितलं. मग मी विचारायचं सोडलं आणि ऐकत बसलो. जवाईबापू समोर होते. पियुषराव माणूस वाईट नाही, पण आईचं बोलणं संपल्याशिवाय त्यांचं सुरू होत नाही, आणि आईचं काही संपत नाही. हात धुवायला मागे गेलो तेव्हा जिन्याखाली तुझं ते पेशंटला झोपवायचं टेबल दिसलं. फिजिओथेरपीचा कोर्स संपल्यावर आपण दोघांनी नागपूरहून आणलेलं. त्यावर गाद्या रचलेल्या, गाद्यांवर गव्हाची पोती. मी टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं, हललंसुद्धा नाही. मजबूत घेतलं होतं आपण. कुणाच्या खांद्याचं, कुणाच्या कमरेचं दुखणं काढायला घेतलं होतं, आणि ते गहू तोलून राहिलं.

परत येताना एसटीत मी ते टेबल मनातल्या मनात मोजलं. आणि दार चारचं पाच फूट केलं.

सागवान आणायला परतवाड्याला गेलो धम्मदीपकडे. त्याचा सुतारकामाचा कारखाना तुला माहीत आहे, तुझ्या लग्नातला पलंग त्याचाच. माप सांगितल्यावर तो पेन्सिल कानाला लावून माझ्याकडे पाहतच राहिला. "काका, पाच फूट? हत्ती येऊन राहिला का घरात?" मी म्हटलं, चाकाच्या खुर्चीतला माणूस आला तर त्याला फिरून जायला नको, सरळ आत यावा. तो म्हणाला, "कोन हाय खुर्चीत? काकू तर चांगल्या हिंडते-फिरते." मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण गिऱ्हाईक यायच्या आधी दुकान मांडावं लागतं ना रे. त्याला काही कळलं नाही. तुला कळलं असेल.

दार चढवायच्या दिवशी घरात लग्नघराची गडबड. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, भिंतीत बोल्ट मारले, मी, कुलदीप आणि धम्मदीपची दोन माणसं मिळून दार उचललं आणि चाकं पट्टीवर बसवली. हॉलच्या बाजूनं लावलं होतं. सरकवलं. काय गेलं बेटा, पाण्यासारखं गेलं. आणि जाऊन थांबलं ते नेमकं तुझ्या आजोबांच्या फोटोवर. आईच्या वडिलांच्या. दार उघडं असलं की सासरेबुवा दाराआड. आई सैपाकघरातून लाटणं घेऊनच आली. "माह्या बापाले दाराआड टाकता? जितेपनी तुमी त्याहिचं ऐकलं नाही, आता त्याहिले पाहू बी नाही देत." सगळ्यांसमोर. धम्मदीपची माणसं तोंड फिरवून हसत होती. फोटो काढून जिन्याजवळ लावला, तर तिथे म्हणे पायाची धूळ उडते. शेवटी सासरेबुवा सोफ्यावर बसले, पंख्याखाली, आणि मी उभा.

एक सांगायचं राहिलं. मला कुलदीपची आणि पौर्णिमाची काळजी होती. खोली कशासाठी हे मी त्या दोघांना मोकळेपणी सांगितलं नव्हतं. घर माझं असलं तरी उद्या ते त्यांचं. घरात लेक परत आली की सुनेच्या कपाळावर कशा आठ्या पडतात, हे मी चार घरी पाहिलेलं आहे. दार लावलं त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पोर्चमध्ये बसलो होतो आणि दोघं भांडी आवरत होते. कान बंद करता येत नाहीत, काय करू. कुलदीप म्हणाला, "बाबा ताईसाठी करून राहिले वाटते हे." पौर्णिमा म्हणाली, "वाटते? तुमाले आज वाटून राहिलं? मी तो दाराचा फोटो बाबाले काहून दाखवला मंग?" तो म्हणाला, तुला चालेल ना? ती म्हणाली, "ताईले पोळ्या मोजून वाढाले मी काई खानावळ नाही टाकली. अन् माहे पोरं तिच्याजवळ अभ्यासाले बसतीन, मले तेवढा निवांतपना." मग भांड्याचा आवाज, आणि मग ती जरा हळू म्हणाली, "दिवाळीत ताई आली तवा रात्री उठून लाइट लावून बसत होती. मी पाहिलं. इचारलं नाही." मी खुर्चीतून उठलो नाही. उठलो असतो तर खुर्ची वाजली असती.

आता ऐक खरी गंमत. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात पौर्णिमाला बोलावलं, ये, बघ कडी कशी बसवली. भारी कडी, गोडाऊनची असते तशी, कोयंडा, वर कुलूप लावायला जागा. तिनं दार सरकवलं, लावलं, कडी घातली, काढली. पुन्हा घातली. आणि म्हणाली, "बाबा, कडी बाहेरून हाय." मी म्हटलं, मग? "आत जे मानूस राहीन, त्यानं काय करावं?" बेटा, हजार गोडाऊनची दारं मी बसवली, दुरुस्त केली. सगळ्यांना कडी बाहेरून, कारण आत रुई असते आणि रुईला कधी दार लावून घ्यावंसं वाटत नाही. मी तुझ्यासाठी खोली करत होतो आणि हातांनी गोडाऊनच केलं. बाहेरचा माणूस ठरवेल कधी उघडायचं, कधी लावायचं. तसली दारं काय कमी आहेत, की मी एक आणखी करावं?

त्याच दुपारी सगळं उतरवलं. कुलदीप म्हणाला, बाबा, नुसती कडी बदला ना, अख्खं दार काहून काढता? मी म्हटलं, नाही, दारच आतल्या बाजूला जाईल. पट्टी आत, चाकं आत, कडी आत. सरकवणार ते आतलं माणूस. भिंतीला नवे बोल्ट मारले, जुनी भोकं सिमेंटनं बुजवली. बेअरिंगची शेवटची मांडणी तिथून निघाली, ती वर्कशॉपला गेली. सासरेबुवा आपल्या खिळ्यावर परत आले. आईनं त्यांना हारही घातला.

असल्या दाराला एक खोड असते. भिंत आणि दार यांच्यात फट राहते आणि आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. म्हणून चारी बाजूंना नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी चिकटवली. मग पौर्णिमाला आत पाठवलं, म्हटलं दार लाव आणि फोनवर बोलतात तसं बोल. मी बाहेर सोफ्यावर कान टवकारून. काही नाही. नुसता पंख्याचा आवाज. ती बाहेर आली, म्हणाली, "काय म्हटलं मी, सांगा." म्हटलं, नाही ऐकलं. ती म्हणाली, "बरं झालं. तुमाले शिव्या देऊन राहिली होती." आणि हसत पळाली. आयुष्यात पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही म्हणून मला आनंद झाला.

आई दोन दिवस दाराकडे पाहतसुद्धा नव्हती. काल मी आत गेलो तर ती खिडकीला पदरानं माप घेत होती. मला पाहून म्हणाली, "पडद्याले निळा कपडा नोका आनू. दामिनीले आवडते, पन उन्हानं फिक्का पडते. पिवळा आना." या खोलीसाठी मी तिच्याजवळ तुझं नाव एकदाही काढलं नव्हतं. पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. पिवळा कपडा आणला आहे.

आता हे फोनवर का नाही सांगितलं ते. तुझा फोन हल्ली स्पीकरवर असतो. खोलीचा घुमारा मला ऐकू येतो, आणि तू बोलायच्या आधी एक श्वास घेतेस, तोही. म्हणून हे पत्र गीतांजलीच्या हाती पाठवतो आहे. मैत्रीण आहे, माहेराहून उद्या परत निघाली आहे, शिवाय राहते तुमच्याच गल्लीत, तुझ्याच हातात देईल. तुला तिकडे काय होतं ते मी विचारणार नाही. कोणी हात उगारत असेल तर मात्र गीतांजलीला तेवढं सांग, मी रविवारची वाट पाहणार नाही. तसं नसेल तर रविवारी सकाळी मी आणि कुलदीप छोटा टेम्पो घेऊन अकोल्याला येतो. देवीदासकडच्या पट्ट्या आणायच्याच आहेत, त्यामुळे टेम्पो काहून आणला असं कोणी विचारणार नाही. विहीणबाईंना सांगेन, घरात नवीन खोली काढली, पूजा लेकीच्या हातची हवी, आणायला बाप स्वतः आला आहे. आणायला आलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी रिकामं पाठवत नाही, आणि त्याही रीतीच्या पक्क्या आहेत. किती दिवसांसाठी, हे मी बोलणार नाही. तूही बोलू नको. पंधरा दिवसांनी तुला परत जावंसं वाटलं तर मीच सोडून देईन, तोंड वाकडं करणार नाही. नाही वाटलं, तर शटरवर पाटी कोणत्या रंगाची लावायची ते आपण ठरवू. पण दामिनी, एक गोष्ट माझ्या हातात नाही. मी तुला सगळ्यांच्या देखत विचारीन, "येतेस का गं?" त्याचं उत्तर तुझ्या तोंडून यायला पाहिजे. 'येते' म्हण, नाहीतर 'नाही' म्हण, मला दोन्ही चालेल. मधे कोणी बोललं तर बोलू दे. तुला वेळ लागला तर लागू दे. मला चहा विचारतीलच, आणि तू बोलेपर्यंत मी एकाही कपाला नाही म्हणणार नाही.

तुझाच,
बाबा